वायरचं की हाडावरचं

आईचं तेरावं होऊन आठवडा झाला होता आणि मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात उभी होते. काउंटरवर दोन डबे होते. एकात वायरचे इअरफोन, कानाच्या भोकात बसवायचे, टोकाला रबराची बोंडं असलेले. दुसऱ्यात बिनवायरचं एक काळं कडं. ते डोक्यामागून फिरून कानांच्या पुढं, गालाच्या हाडावर टेकायचं. कानात ते जातच नव्हतं.

"कुणासाठी पाहिजे, ताई?" दुकानदारानं विचारलं. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला.

"वडिलांसाठी. त्यांना ऐकू येत नाही. फोनवर बोलता यावं, एवढंच."

"मग मशीनवाल्याकडं जायचं की."

"मशीन आहे. शिबिरात मिळालेलं. शिट्टी मारतं म्हणून देवळीत पडलंय."

"मग हे बघा." त्यानं कडं पुढं सरकवलं. "ह्याचा आवाज हाडातनं जातो. कान मोकळा राहतो."

"कान मोकळा ठेवून काय करायचंय? माणूस बहिरा आहे."

"तसं न्हवं ताई, कवटीतनं आवाज आत..."

"मी फिजिक्सची पदवीधर आहे," मी म्हणाले. "आवाज कसा जातो ते मला नका सांगू. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्या कानात जास्त आवाज घालायचा. साधी गोष्ट आहे."

"बरं, मास्तरीणबाई," तो म्हणाला आणि कडं परत डब्यात घातलं.

वायरचं घ्यायला माझ्याकडं आणखीही कारणं होती. त्याला चार्जिंग लागत नाही. ते हरवत नाही, फोनला लोंबकळत राहतं. आबांना कसलीही बटणं दाबावी लागणार नाहीत. मी ते पिशवीत टाकलं आणि कराडची एसटी धरली. हे सगळं मी नीट विचार करून केलं होतं. त्या दिवसांत मी सगळं नीट विचार करूनच करत होते. दहाव्याला कावळा शिवला तेव्हा बायका रडल्या. मी द्रोण गोळा केले. रडू कुठं अडलंय असं मला कुणी विचारलं नाही, आणि मीही शोधलं नाही.

आमचं गाव कडेगावच्या अलीकडं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी आजही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. मुलगी एकटीच, आणि तीही बी.एस्सी. फर्स्ट क्लास. पेढे वाटायला आबा स्वतः गेले होते. लोक काय म्हणत होते ते त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून ते नुसते मान हलवत पुढच्या दारात जात होते. आता मी शिरवळला गोळ्या-औषधांच्या एका कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या सहीशिवाय तिथून माल हलत नाही.

आबा गावच्या पाणीपुरवठा संस्थेच्या मोटारीवर होते. नदीवरून पाणी उचलून वरच्या रानांना द्यायची ती योजना. नदीकाठच्या मोटारघरात त्यांनी हयात काढली. पत्र्याची खोली, आत दोन मोठ्या मोटारी, आणि त्या चालू झाल्या की दारातला माणूसही ओरडून बोलायचा. त्यामुळं आबांचे कान गेले ते मोटारीनं गेले, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आईला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

पण गावात कुणाचीही मोटार बिघडली, विहिरीवरची असो की बोअरची, की बोलावणं आबांनाच यायचं.

"भैऱ्याला बोलवा रं, मोटार ऐकाय," असं लोक हसत म्हणायचे. ते तोंडावर म्हणायचे, कारण तोंडावर म्हटलं काय आणि मागं म्हटलं काय, सारखंच.

आबा जायचे. त्यांच्याकडं हातभर लांब एक पेचकस होता, लाकडी मुठीचा. त्याचं टोक ते चालू मोटारीच्या बेरिंगपाशी टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला. कधीकधी सरळ दातात धरायचे. डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "मागचं बेरिंग गेलंय," किंवा "आत काय तरी घासतंय." मोटार खोलली की तसंच निघायचं. मी लहानपणी हे शंभरदा पाहिलं. कॉलेजात असताना सुट्टीत आले की तेव्हाही पाहिलं. त्याच वर्षी प्रयोगशाळेत मी नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून हवेतला ध्वनीचा वेग काढत होते. गंमत म्हणून आम्ही पोरी तो काटा एकमेकींच्या कोपराला, दातांना लावायचो आणि हसायचो. त्या प्रयोगाला मला पैकीच्या पैकी गुण होते.

आई आणि आबांचं बोलणं हातांचं होतं. खांद्यावर दोनदा टॅप म्हणजे जेवायला चला. मूठ उघडून बोटं खाली सोडली म्हणजे पाणी आलं. कपाळावर आडवं बोट म्हणजे भावकीतलं कुणी तरी आलंय, सांभाळून. बाकीचं ती तोंडासमोर येऊन सावकाश बोलायची. फोन तर तिचाच होता. मी रोज संध्याकाळी सातला करायची आणि ती उचलायची. आबा शेजारी बसून तिच्या तोंडाकडं बघायचे. आमचं बोलणं ठरलेलं. जेवलीस का. पाणी दिलं का. तब्येत बरी आहे न्हवं. मग ती म्हणायची, ठेव, बिल येतंय. बिलं जाऊन रिचार्जचे फोन आले तरी ती तेच म्हणायची.

आई गेली ती सकाळी दहाच्या सुमाराला, अंगणात, वाळवण घालताना. आबा मोटारघरावर होते. नोकरी सुटली तरी ते रोज तिथं जाऊन बसायचे. चुलतीनं अंगणातून हाका मारल्या, मग बांधावरून मारल्या, आणि शेवटी धावत नदीपर्यंत गेली. आबा येईपर्यंत काही उरलं नव्हतं. चुलती हे सगळ्यांना सांगत होती, "केवढ्यानं वरडले मी, केवढ्यानं." आबा तिच्याकडं बघत मान हलवत होते.

तेराव्यानंतर मी आबांच्या समोर बसले आणि पाटीवर लिहिलं. माझीच जुनी पाटी. आबा चौथी शिकलेले, मोठं अक्षर लागायचं. 'शिरवळला चला.'

"न्हाई," आबा म्हणाले.

'एकटे कसे राहणार?'

"ऱ्हातो की. कोन खातंय मला?"

माझा नवराही शेजारी बसून समजावत होता. "आवं मामा, दोन खोल्या हायत. गच्ची हाय. रातपाळी आसली की मी बी घरीच हाय दिवसभर."

आबांना यातलं काही कळलं नाही. ते माझ्याकडं बघत राहिले. "लेकीच्या घरी जाऊन बसू? लोक श्यान घालतील तोंडात."

मी पाटी पुसली आणि अट घातली. रोज सातला फोन करणार. उचलायचा आणि बोलायचं. तसं जमलं तर राहा. नाही जमलं तर सामान बांधायचं, आणि मग मी ऐकणार नाही.

आबांनी दोनदा वाचलं. "बोललो तर ऱ्हायचं?"

मी मान हलवली.

"ठरलं," आबा म्हणाले.

म्हणून ते इअरफोन. माझा जुना फोन मी आबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. तो थरथरला की हिरव्या बटणावर बोट सरकवायचं. त्याच्याआधी दोन्ही बोंडं कानात घट्ट बसवायची. आवाज पूर्ण मोठा करून दिला. मी समोर बसून फोन लावला आणि जवळजवळ ओरडलेच, "जेवला का?"

आबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "व्हय. जेवलो."

"पाणी दिलं का?"

"दिलं."

मला फार बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण काम झालं, असं वाटलं. प्रयोग जमल्यावर वहीत निष्कर्ष लिहितात तसं.

शिरवळला परतले आणि रोजचे फोन सुरू झाले. सात वाजता पहिल्या रिंगला उचलायचे. "जेवला का?" "व्हय. जेवलो." "पाणी दिलं का?" "दिलं, दिलं." "तब्येत बरी आहे न्हवं?" "बरी हाय. ठेव. बिल येतंय." आईचंच वाक्य. मी नवऱ्याला म्हणायची, बघा, एवढंच करायचं होतं, लोकांना उगीच अवघड वाटतं. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींनाही सांगितलं. एकीनं तिच्या सासूसाठी तसलेच मागवले.

महिन्याभरानं एका गुरुवारी कारखान्याला अचानक सुट्टी मिळाली. सातच्या आतच पोचेन, म्हणून न कळवताच गेले. एसटी कराडला रखडली. घराशी पोचले तेव्हा सातला पाच मिनिटं कमी होती. दार उघडं होतं. आबा सोप्यात भिंतीला टेकून बसले होते, घड्याळाकडं तोंड करून. आईचा पाट शेजारी तसाच मांडलेला. त्यांनी मला बघितलं नाही. मला वाटलं, गंमत करावी. मी उंबऱ्याबाहेरच थांबले आणि फोन लावला.

खिसा थरथरला. आबांनी फोन काढला, बोट सरकवलं. वायर छातीवर लोंबत होती. एक बोंड सदऱ्याच्या गुंडीत अडकवलेलं, दुसरं मोकळंच. कानात काहीच नव्हतं.

मी बोलले नाही. फोन हातात धरून उभी राहिले.

आबा घड्याळाकडं बघत थोडं थांबले. "व्हय. जेवलो," ते म्हणाले.

परत थांबले. माझा प्रश्न संपेल एवढं.

"दिलं, दिलं."

पुन्हा थांबले. नखानं सतरंजीवरचं काही तरी खरवडलं.

"बरी हाय. ठेव. बिल येतंय."

ते सगळं मला दोनदा ऐकू येत होतं, एकदा सोप्यातून आणि एकदा हातातल्या फोनमधून, थोडं मागून. आबांनी फोन पालथा ठेवला आणि कान खाजवला. बोटाला पिवळं लागलं ते धोतराला पुसलं.

आईच्या तोंडाकडं बघत बघत त्यांनी आमचं बोलणं पाठ केलं होतं. कुठं किती थांबायचं तेसुद्धा.

मी आत गेले. आबा दचकले, मग गालात हसले, चोरी पकडलेल्या पोरासारखे. "आज कशी काय?" म्हणाले.

मला राग यायला पाहिजे होता, नाहीतर रडू. मी चुलीवर चहा ठेवला. आबांच्या कानाजवळ जाऊन बघितलं तर दोन्ही कान वाहत होते.

'कधीपासून?' मी पाटीवर लिहिलं.

"ती बोंडं घातली तवापास्नं. आधी बी व्हायाचा मधनंच. ल्हानपनी डोहात पवाय जायचो तवापास्नं हाय ते. माजी आई लसनाचं त्याल घालायची."

दुसऱ्या दिवशी त्यांना कराडला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हातारे होते, सावकाश काम करणारे. कान पुसून आत बघितलं. मग इअरफोन बघितले, जे मी पुरावा असल्यासारखे पिशवीतून काढून टेबलावर ठेवले होते.

"हे कुणी घालायला सांगितलं?"

"मी."

त्यांनी खणातून नादकाटा काढला. मी तो ओळखला. तसाच, आमच्या प्रयोगशाळेतल्यासारखा, फक्त देठ जरा लांब. त्यांनी तो गुडघ्यावर आपटला आणि आबांच्या कानासमोर धरला. आबांनी मान हलवली, काही नाही. मग डॉक्टरांनी काट्याचा देठ कानामागच्या हाडावर टेकवला.

आबांचा चेहरा बदलला. डोळे मिटले. "येतंय. घुमतंय. बारीक... बारीक... गेलं."

दुसऱ्या कानाला तेच. दोन्हीकडं तेच.

"ह्यांची आतली नस चांगली आहे," डॉक्टर मला म्हणाले. "वयाच्या मानानं फारच चांगली. पडद्याला भोकं आहेत, लहानपणापासूनची. बाहेरचा आवाज आत पोचत नाही, एवढंच. मोटारीचा काही संबंध नाही. उलट पडदे फाटले म्हणून मोटारीनं आतली नस खाल्ली नाही म्हणा."

"ऑपरेशन?"

"होतं. आधी आणलं असतं तर मी लगेच म्हटलं असतं. आता साखर आहे, वय आहे. विचारा त्यांना."

आबांना खुणेनं विचारलं. "ह्या वयात काय न्हाई करायचं," ते म्हणाले. मग त्यांनी डॉक्टरांच्या हातातला नादकाटा मागून घेतला, उलटा-पालटा केला आणि खूश होऊन म्हणाले, "डाक्टर, माजं बी हेच हाय. पेचकस. मोटार ऐकतो मी ह्येनं. हाडाला लावून."

डॉक्टरांनी मला विचारलं, "म्हणजे?"

मी सांगितलं. पेचकसाचं टोक बेरिंगला, मूठ हाडाला. किती वर्षं, तेही सांगितलं.

"आणि हे तुम्ही बघत होता."

"हो."

"तुमचं शिक्षण काय झालंय?"

"बी.एस्सी.," मी म्हणाले. "फिजिक्स."

"हं," डॉक्टर म्हणाले आणि थेंबांचं औषध लिहायला लागले. कानात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा, असं दोनदा अधोरेखित केलं.

कराडच्या स्टँडवर आम्ही भजी खाल्ली. आबा मजेत होते. नादकाट्याचा आवाज कसा होता ते तोंडानं काढून दाखवत होते, "ङूंऽऽ", आणि शेजारच्या बाकावरची बाई पोराला दुसरीकडं ओढत होती. मी भजी मोजल्यासारखी एकेक खात होते. मला एवढंच दिसत होतं की आई रोज त्यांच्या खांद्यावर टॅप करायची. तिनं कधी तरी कपाळाला कपाळ लावून हाक मारली असती तर ती ऐकू गेली असती. हे तिला सांगायचं काम कुणाचं होतं, तेही मला माहीत होतं. दिसत होतं, पण लागत नव्हतं. भूल दिलेल्या हिरडीला जीभ लावल्यासारखं.

पुढच्या शनिवारी मी साताऱ्याच्या त्याच दुकानात गेले.

"आलात का, मास्तरीणबाई?" दुकानदार म्हणाला. त्यानं न विचारता कड्याचा डबा काढला.

"द्या," मी म्हणाले.

"कान मोकळा राहतो बरं का."

"राहू दे."

घरी जाऊन आबांच्या डोक्याला ते कडं बसवलं. पांढऱ्या केसांवर काळं कडं, वर टोपी. बटण दाबलं. आबा एकदम ताठ झाले. "ही कोन बाई गं?"

चालू झालं की आतली बाई इंग्रजीत काही तरी बोलते ते. मी खुणेनं सांगितलं, कोणी नाही, मशीन आहे.

"इंग्रजी बोलती," आबा म्हणाले. "तुझ्या वळखीची आसंल."

मी फोन घेऊन परड्यात गेले, म्हशीच्या मागं. तिथून आबा दिसत नव्हते आणि त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. फोन लावला.

"आबा."

बराच वेळ काही नाही. मग घरातून आणि फोनमधून, दोन्हीकडून, "आं?"

"ऐकू येतंय का?"

"येतंय. लांबनं येतंय, पर येतंय." मग म्हणाले, "तुझा आवाज लय जाड झालाय गं."

लहानपणी मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची; चौदा-पंधरा वर्षांची झाले तशी आई माझ्यावतीनं त्यांच्याशी बोलायला लागली. तेव्हापासून त्यांनी माझा आवाज नीट ऐकला नव्हता. म्हैस रवंथ करत होती. मी आत आले आणि चार्जिंग कसं करायचं ते दाखवलं. रात्रभर लावायचं, सकाळी काढायचं. आबांनी ते पहिल्या झटक्यात शिकून घेतलं. हयातभर मोटारींना करंट देणारा माणूस.

रविवारी शिरवळला परतले. सोमवारी सातला फोन केला. मी कट्ट्यावर कणीक मळत होते, फोन स्पीकरवर टाकून डब्याला टेकवून ठेवलेला.

"जेवला का?"

"व्हय. जेवलो."

"पाणी दिलं का?"

"दिलं."

"तब्येत बरी आहे न्हवं?"

"बरी हाय."

मग नेहमीचं वाक्य यायचं होतं. ते आलं नाही. मी समजले, झालं. हात कणकेनं भरलेले होते, म्हणून लाल बटण दाबलं नाही. आणि खरं सांगायचं तर हात मोकळे असते तरी दाबलं नसतं. आबांच्या समोर बोलणं थांबवायचं असतं, ही सवयच आमच्या घराला नव्हती. इतक्या वर्षांत आम्ही त्यांच्यादेखत त्यांचं सगळं ठरवलं होतं. नोकरी सोडायची कधी ते, शिबिरातलं मशीन, माझं लग्न. ते आमच्यात बसलेले असायचे आणि आम्ही त्यांच्यावरून पलीकडं बोलायचो, खांबावरून बोलावं तसं.

नवरा शिफ्टवरून येऊन चहा पीत होता. "काय म्हणतायत मामा?"

"काय म्हणणार? तेच ते," मी म्हणाले. "असं किती दिवस चालणार? एप्रिल-मेत घेऊनच येऊ सरळ. घराला कुलूप लावू. रान वाट्यानं देऊन टाकू चुलत्याला. म्हैस विकू."

"येतील का?"

"गाडीत बसवलं की येतील. काय कळतंय त्यांना?"

डब्याला टेकवलेल्या फोनमधून खाकरल्याचा आवाज आला.

"चुलत्याला नगं देऊ," आबा म्हणाले. "त्यो बांध कोरतो."

नवऱ्याच्या हातातला कप तसाच राहिला. मी फोनकडं बघत होते. पडद्यावर सेकंद पुढं जात होते.

"आनि म्हस गाभन हाय. गाभन म्हस इकत्यात व्हय?"

"आबा..."

"ऐकू येतंय मला. बोल की."

कणीक बोटांवर वाळत होती.

"अट कुनी घातलीवती?" आबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. मोटारीचं काय बिघडलंय ते सांगतानाचा आवाज होता. "तूच न्हवं? पाटीवर लिव्हलंवतंस. फोन उचलायचा, बोलायचं, मग ऱ्हायचं. उचललाय मी. बोलतोय मी. आता काय?"

"काही नाही," मी म्हणाले.

"मग कुलूप कशाला लावतीस?"

"नाही लावत."

"बरं," आबा म्हणाले. मग त्यांनी स्वतःच फोन बंद केला. कसा करायचा ते मी शिकवलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "लई लागलं आसंल त्यांना." मी म्हणाले, असेल. पोळ्या लाटायला घेतल्या. सगळ्या गोल झाल्या.

पुढच्या वेळी गावी गेले तेव्हा मोटारघरापाशी आबांना गाठलं. ते पायरीवर बसले होते, डोक्याला कडं. मी शेजारी बसले, त्यांच्याकडं तोंड केलं आणि सावकाश विचारलं, आईसारखं, "आधी आमचं किती कळायचं तुम्हाला?"

आबांनी माझे ओठ वाचले. नदीकडं बघितलं.

"पायजे तेवढं," ते म्हणाले.

मे महिना आला आणि गेला. आबा गावातच आहेत. म्हशीला रेडी झाली. रान ते स्वतः बघतात आणि चुलत्याशी बांधावरून भांडतात. चुलता काय म्हणतो ते त्यांना अजूनही ऐकू येत नाही, पण भांडायला त्याची गरज पडत नाही म्हणतात. गावात लोक आता म्हणतात, भैऱ्याच्या डोक्यात मशीन बसवलंय लेकीनं, शिकलेली हाय. मी ते कुणाचं खोडून काढत नाही. वायरचे इअरफोन माझ्या पर्समध्ये आहेत. एसटीत घालते. बऱ्याचदा लावलेलं काहीच नसतं.

सातचा फोन अजून होतो. पण ती ठरलेली वाक्यं आबांनी त्या सोमवारनंतर सोडून दिली. आता ते फोन उचलतात आणि थांबतात. मला काही सुचत नाही. पलीकडं कोंबड्या, म्हशीची साखळी, चुलतीचा आवाज, असलं सगळं येत राहतं. ते मला ऐकू येतं, त्यांना नाही. त्यांना फक्त मी ऐकू येते, आणि मी गप्प असते.

परवा असंच बराच वेळ गेल्यावर आबांनी विचारलं, "तू जेवलीस का?"

विचारलं आणि उत्तरासाठी थांबले. किती थांबायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून नुसतेच थांबले.

"व्हय. जेवले," मी म्हणाले.

अजून कुकरसुद्धा लावला नव्हता.